बाहेर ठेवायची प्रत

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे जीन्सच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवणं. रविवारची दुपार होती, जेवणं झाली होती. ती शिलाई मशीनवर बसली आणि मी सुईत दोरा ओवून देत होतो. तिला जवळचं दिसेनासं झालं होतं. मला अजून दिसतं, त्यामुळे दोरा ओवायचं काम माझ्याकडे. एका पिशवीचं तोंड तिने लाल दोऱ्याने शिवलं, दुसरीचं हिरव्या. आतून फोमचं अस्तर लावलं. पिशव्या ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या डिस्कसाठी होत्या.

"एवढीशी वस्तू आणि तिला गादी," मी म्हणालो.

"तुमच्या हातून पडते म्हणून गादी," ती म्हणाली. "परवा डबा पाडलात. डबा वाजतो तरी. ही पडली तर आवाज न करता मरेल. मग बसा सेठच्या शिव्या खात."

"सेठ शिव्या देत नाही."

"तुम्ही देता ना. तेवढ्या पुरतात घराला."

तिने दोरा दाताने तोडला आणि पिशव्या माझ्या अंगावर टाकल्या. मग चहा झाला. एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मी चौथी शिकलो. शहाडला कारखान्यात तीस वर्षं वायरमनच्या हाताखाली काढली, शेवटची काही वर्षं स्वतः वायरमन. रिटायर झाल्यावर घरी बसून तिच्याशी भांडण्यापेक्षा उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पमध्ये एका सेठच्या ऑफिसात लागलो. ऑफिस म्हणजे एका गाळ्यात पाच माणसं, चार कॉम्प्युटर आणि एक मोठा प्लॉटर, म्हणजे कागदाच्या रुंद गुंडाळीवर रेघा काढणारं यंत्र. आजूबाजूच्या कारखान्यांत जीन्स शिवतात. त्या पँटचे पॅटर्न आमच्याकडे निघतात. पाय केवढा, खिसा कुठे, कमर केवढी, अठ्ठावीसपासून चव्वेचाळीसपर्यंत प्रत्येक मापाचा वेगळा नकाशा. कारखानदार तो कागद कापडाच्या थप्पीवर पसरतो आणि कापतो. एक सूत इकडचं तिकडे झालं तर हजार पँट वाकड्या. सेठ सिंधी. त्याने अकरा वर्षं हे पॅटर्न जमवले. त्याच्याकडे मशीन नाही, कापड नाही, दुकान नाही. हे पॅटर्न म्हणजेच त्याचा धंदा.

माझं काम शटर उघडणं, इन्व्हर्टरला पाणी घालणं, प्लॉटरला कागद चढवणं आणि वायरीत काही जळालं तर बघणं.

पहिल्यांदा सगळे पॅटर्न एकाच कॉम्प्युटरमध्ये होते. एका कारागिराने चुकून लहान मुलांच्या पँटचं अख्खं खातं पुसलं. परत काढायला पंधरा दिवस गेले. तेव्हा सेठने बदलापूरच्या एका बाईंना बोलावलं. त्या छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं करतात. पन्नाशीच्या असतील, बोलायला कडक, पण समजावतात नीट. त्यांनी सांगितलं, सगळ्या कॉम्प्युटरांसाठी मिळून एक स्टोरेजचा डबा घ्यायचा. त्यात दोन डिस्क. जे एकीवर लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीवर. एक मेली तर दुसरी चालते.

सेठ खूश झाला. "म्हणजे बॅकअप झाला."

"नाही झाला," बाई म्हणाल्या. "आरशासमोर टोपी काढलीत तर आरशातलाही काढतो ना? तसं आहे हे. कोणी फाईल पुसली तर दोन्हीकडून पुसली जाणार. रोज संध्याकाळी वेगळ्या डिस्कवर नक्कल घ्यायची. आणि ती नक्कल या गाळ्यात ठेवायची नाही. आग लागली, चोर आला, तर एका वेळी सगळं जाईल."

इंटरनेटवर ठेवायचंही त्यांनी सुचवलं. सेठ ऐकेना. "मेरा माल दुसरे के घर में? मालूम भी नहीं किसका घर. नाही बाई. समोरचा एक पॅटर्न मिळवायला जीव टाकतो आणि मी आपल्या हाताने आसमानात टांगू?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अंबरनाथला राहतो, शिवमंदिराच्या अलीकडे. शेअर रिक्षाने येतो. सेठ उल्हासनगरातच ऑफिसच्या वर राहतो, म्हणजे तो बाहेर धरता येत नव्हता. बाकीचे आज आहेत, उद्या दुसरीकडे लागतील.

"चाचा, तुम्ही न्या," सेठ म्हणाला.

"नेतो," मी म्हणालो. "माझ्या घरातून काही हलत नाही."

हे मी बोललो, ते लक्षात ठेवा. मी बोललेलं मागे घेत नाही, त्याचा त्रास आयुष्यभर झाला आहे.

डबा बसवायचं काम मी आणि बाईंनी मिळून केलं. गाळा रस्त्याच्या खाली आहे, पाणी शिरतं, म्हणून भिंतीला छातीएवढ्या उंचीवर लोखंडी ब्रॅकेट ठोकले. गाळ्याची अर्थिंग नावाला होती, वायर भिंतीतून बाहेर येऊन मोकळी लोंबत होती. मी मागच्या बोळात खड्डा काढला, प्लेट पुरली, कोळसा आणि मीठ भरलं, आमच्या कारखान्यात भरायचो तसं. बाई उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "काका, हे कोणी करत नाही हल्ली." मी म्हणालो, "म्हणून जळतं हल्ली."

बाहेरच्या डिस्क दोन घेतल्या. इंग्रजी मला वाचता येत नाही, म्हणून बाईंनी एकीवर लाल टिकली चिकटवली, दुसरीवर हिरवी. आज लाल ऑफिसात जोडायची, संध्याकाळी नक्कल झाली की घरी न्यायची. उद्या हिरवी आणायची. म्हणजे दिवसा एक तरी नक्कल कायम बाहेर राहते.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं, कपाटात टाकेल. ती कपाळाला आठ्या घालून बसली.

"बाहेर म्हणजे किती बाहेर?"

"गाळ्यावर संकट आलं तर त्याच वेळी इथे येणार नाही, एवढं बाहेर."

"इथे वेगळं येईल त्याचं काय? आपलं घर तळमजल्याला. मागे नाला. पोटमाळ्यावर उंदीर. चोर आला तर आधी कपाट फोडतो. स्वयंपाकघरात वाफ. पलंगाखाली तुम्ही पाय लावाल."

"मग डोक्यावर घेऊन बस."

"जागा मी बघते. तुम्ही विचारायचं नाही. तुमच्या पोटात काही राहत नाही. रिक्षात बसल्या बसल्या चार जणांना सांगाल."

तिने वीस वर्षं घरी जीन्सचे धागे कापायचं काम केलं होतं. कारखान्यातून गठ्ठे यायचे, शिवण झालेल्या पँटचे लोंबते धागे कापून परत द्यायचे. पँट कशी बिघडते ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणाली, "एक पॅटर्न गेला तर किती बायकांचं काम थांबतं, तुमच्या सेठला तरी माहीत आहे का?" तेव्हापासून मी रोज संध्याकाळी डिस्क तिच्या हातात द्यायचो आणि सकाळी ती जेवणाच्या डब्याबरोबर दुसरी माझ्या हातात द्यायची. आठ महिने असं चाललं. कुठे ठेवते ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, एक काम कमी.

त्या सोमवारी तिने मला लाल डिस्क नव्या पिशवीत घालून दिली, जेवणाचा डबा दिला आणि म्हणाली, "मेथी आहे. उघडल्यावर तोंड वाकडं करू नका, लोक बघतात." मी गेलो. अडीच वाजता शेजारणीचा फोन आला. ती नळाजवळ पडली होती. मी लाल डिस्क स्टोरेजच्या डब्याला जोडलेली तशीच सोडून निघालो. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर हात धूत होते. संध्याकाळी सगळं उरकलं.

नंतरचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. मुलगी वांगणीहून येऊन राहिली. मी खुर्चीवर बसायचो आणि लोक समोर येऊन बसायचे. सगळे म्हणायचे, सुटली, त्रास झाला नाही. मी एकाला म्हणालो, "तिला सुटायचं नव्हतं." तो लवकर उठून गेला.

शुक्रवारी सेठ आला. बूट बाहेर काढले, हात जोडले, जमिनीवर बसला. त्याला जमिनीवर बसता येत नाही, पोट मोठं आहे, पण बसला. "चाचा, क्या बोलूँ," म्हणाला. मी विचारलं, ऑफिस? तो म्हणाला, "चालू आहे. तुम्ही त्याची काळजी अजिबात नका करू." मुलीने चहा दिला. अर्धा प्यायला. जाताना आमच्या कपाटाकडे पाहिलं, पोटमाळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गेला. मला वाटलं, गरिबाचं घर पहिल्यांदा पाहतोय.

शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला.

"काका, सेठ काही बोलले का काल?"

"नाही. ऑफिस चालू आहे म्हणाले."

"ऑफिस गुरुवारपासून बंद आहे," बाई म्हणाल्या. "खांबावरची न्यूट्रल वायर तुटली. व्होल्टेज चढलं. यूपीएस जळाला, स्टोरेजचा डबा गेला, त्यातल्या दोन्ही डिस्क गेल्या. लाल डिस्क जोडलेलीच होती. तीही गेली. मी सगळं करून बघितलं. मी सेठना म्हटलं, काकांकडे हिरवी आहे, विचारा. ते म्हणाले, जाऊन येतो. आल्यावर म्हणाले, माझी हिंमत नाही झाली. त्या माणसाच्या घरात आत्ता मी डिस्क मागू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका, सोमवारी तीन कारखान्यांची कटिंग आहे. कागद गेला नाही तर ते दुसरीकडून काढून घेतील आणि मग तिकडचेच होतील. हिरवीत आधीच्या शनिवारपर्यंतचं सगळं आहे. तेवढं मिळालं तर पुरे. मी तुम्हाला त्रास देत नाहीये, पण..."

"द्या त्रास," मी म्हणालो. "डिस्क माझ्याकडे आहे. आणतो."

फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, माझ्याकडे नाही. तिच्याकडे आहे.

न्यूट्रल तुटली तर अर्थिंग काही करू शकत नाही, हे मला माहीत आहे. तरी पहिला विचार त्या खड्ड्याचा आला. दुसरा लाल डिस्कचा. मी त्या दिवशी ती काढून ठेवली असती तर दोन मिनिटं उशिरा निघालो असतो आणि काही बिघडलं नसतं. बायको तशीही गेलेली होती.

मी आणि मुलीने घर पालथं घातलं. आधी कपाट. साड्यांच्या घड्यांमधून हात घातला. मग मशीनचा खण, पोटमाळा, गादीच्या खोळी, तांदळाचा डबा, पिठाचा डबा. मुलगी म्हणाली, "आई पिठात कशाला ठेवेल?" मी म्हणालो, "तुझ्या आईचं मला काय माहीत?" हे मी चिडून बोललो, पण दुपारपर्यंत ते खरं ठरत गेलं. तिने माझा कारखान्याचा गेटपास जपून ठेवला होता. धागे कापायच्या तीन कात्र्या तेल लावून कागदात गुंडाळलेल्या होत्या. मुलीच्या शाळेची रिबीन होती. आणि सगळ्यात मागच्या, मसुराच्या डब्यात औषधाच्या गोळ्यांची पाकिटं होती. ब्लडप्रेशरच्या. भरलेली. मी दर महिन्याला आणायचो त्याच. चार महिन्यांच्या गोळ्या जशाच्या तशा.

मी पाकिटं जमिनीवर मांडली. मुलगी बघत राहिली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्याने चक्कर येते म्हणायची. मला म्हणाली होती, डॉक्टरला सांगून बदलून घेईन."

"मला नाही म्हणाली."

"तुम्ही ओरडला असता."

ओरडलोच असतो. मी पाकिटं परत डब्यात भरली. मग परत काढून पिशवीत घातली. काय करायचं ते कळेना, शेवटी मुलीने माझ्या हातातून घेतली. मी पुढचा डबा उघडला, कारण डिस्क शोधायची होती. त्या दिवशी डिस्क शोधायची नसती तर मी काय केलं असतं, माहीत नाही.

संध्याकाळपर्यंत घरात न पाहिलेली जागा उरली नाही. एक किल्ली मात्र मिळाली. दवाखान्यात तिच्या कमरेचा बटवा शेजारणीकडे दिला होता, तो तिने आणून दिला. त्यात सुपारी, वीस-तीस रुपये, आणि लोखंडी कपाटाची असते तशी किल्ली. आमच्या कपाटाला लागेना. मशीनला नाही, पेटीला नाही. मी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "काका, तुमच्या घरातली किल्ली मला विचारता?" बरोबर बोलली.

बाईंचा फोन आला तेव्हा खोटं बोलता आलं नाही. "सापडत नाही," म्हणालो. "जागा तिलाच माहीत होती." त्या म्हणाल्या, "उद्या बघा परत. मी सेठना आज काही सांगत नाही."

रविवारी जलदान विधी होता. आमच्यात तेरावं वगैरे नाही. भंते येतात, वंदना होते, धम्माचे चार शब्द बोलतात, जेवण होतं. लोकांना सुट्टी म्हणून रविवार धरला. आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे, तिथेच. मी त्या विहारात सहा वर्षं पाय ठेवला नव्हता. कमिटीने गच्चीवर कर्णा लावला तो नेमका आमच्या खिडकीकडे तोंड करून. मी कोणाला न विचारता शिडी लावून चढलो आणि मैदानाकडे फिरवला. दुसऱ्या दिवशी चारचौघांत मला विचारलं, कोणाला विचारून? मी म्हणालो, कान माझे आहेत, कानांना विचारलं. त्यावरून वाढलं. मी म्हणालो, परत येणार नाही. बायको मात्र जायची. रोज सकाळी झाडायला आणि संध्याकाळी वंदनेला, अगरबत्तीची पिशवी खांद्याला लावून. मी कधी पिशवीत बघितलं नाही.

रविवारी आठ वाजता विहारातल्या दोघी जणी दारात आल्या. "जयभीम काका. मावशींकडे विहाराच्या कपाटाची किल्ली असायची. आत पांढरी कापडं आहेत, आज लागणार."

मी किल्ली दिली. मला तेव्हाही काही सुचलं नाही. सरळ सांगतो, सुचायला पाहिजे होतं.

दहा मिनिटांनी त्यातली एक पळत आली. "काका, कपाटात तुमची ती पेटी पण आहे. जीन्सच्या पिशवीतली. काढू का तशीच ठेवू?"

मी चप्पल न घालता गेलो. विहाराचं जोतं उंच आहे, सात पायऱ्या. तिने विचार करूनच ही जागा निवडली असणार. लोखंडी कपाट मागच्या भिंतीला, खिडकीपासून लांब. पांढऱ्या कापडांच्या मागे हिरव्या तोंडाची पिशवी होती. गेल्या रविवारी शिवलेली. म्हणजे त्याच संध्याकाळी तिने ती आणून ठेवली होती.

"रोज ठेवायची?" मी विचारलं.

"रोज. संध्याकाळी ठेवायच्या, सकाळी झाडून झालं की दुसरी न्यायच्या. आम्हाला म्हणायच्या, ऑफिसची आहे, हात लावू नका."

दुसरी हसून म्हणाली, "आम्हाला वाटायचं, मावशींचे दागिने असतील. तुमच्यापासून लपवत असतील."

"दागिने नाहीत तिच्याकडे," मी म्हणालो.

"माहीत आहे हो काका. गंमत करायचो आम्ही त्यांची. त्या म्हणायच्या, दागिन्यांपेक्षा भारी आहे, पाचशे बायकांचं काम आहे त्यात."

मी तिथेच बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आज आणता येईल? नक्कल व्हायला चार-पाच तास लागतात. उद्या सकाळी आणलीत तर कटिंगला पोचणार नाही."

भंते आले, वंदना झाली. मी पुढे बसलो होतो, डिस्क मांडीवर. मुलीने खूण केली, बाजूला ठेवा. मी ठेवली नाही. भंते सांगत होते, सगळं अनित्य आहे. मी ऐकत होतो. हात पिशवीवर होता. जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा मी मुलीला म्हणालो, "मी ऑफिसला जाऊन येतो."

"आत्ता? बाबा, आईचं जेवण आहे. लोक काय म्हणतील?"

"लोक जेवतील."

"तुम्ही एकदा तरी..." ती एवढंच म्हणाली. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "चप्पल घाला."

पाठीमागे कोणीतरी बोललं, बायकोच्या जलदानाला ड्यूटी. मी ऐकलं. उलट बोलायला वेळ नव्हता.

ऑफिसात सेठ आणि बाई होत्या. जळकट वास अजून जात नव्हता. बाईंनी स्वतःचा कॉम्प्युटर आणला होता आणि एक नवी डिस्क. हिरवी जोडली. छोटा दिवा लागला. सेठ माझ्या खांद्याला धरून उभा होता, त्याला कळलंही नसेल. पडद्यावर एकेक खातं येत गेलं. बाईंनी एक उघडलं. पँटचा पाय दिसला, पूर्ण, सगळ्या मापांच्या रेघा एकात एक. दुसरं उघडलं. तिसरं. लहान मुलांचंही होतं.

सेठ खुर्चीत बसला. "चाचा, कुठे होती? तुमच्या घरात मी बघितलं, मला वाटलं तिथेच कुठे असेल."

मी सांगून टाकलं. माझ्या घरातून काही हलत नाही असं मी म्हणालो होतो, ते खोटं होतं, मला माहीत नव्हतं. ती रोज विहारात ठेवत होती. तुमचा माल आठ महिने माझ्या घरात रात्रीचा नव्हताच. पाहिजे तर मला काढा.

"मेरा माल मंदिर में था?"

"विहारात."

त्याने उठून हिरव्या डिस्कला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. बाई म्हणाल्या, "सेठ, नक्कल चालू आहे, हलवू नका."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "काका, ही जागा तुम्हाला माहीत नव्हती. घरात दुसऱ्या कोणाला होती?"

"नाही."

"सगळं मी दोन-दोन, तीन-तीन करून दिलं," त्या म्हणाल्या. "हे विचारायचं मात्र राहिलं. माझी चूक आहे."

"तुमची नाही. तिने मला विचारू नको म्हटलं आणि मी नाही विचारलं. मला सोपं होतं ते."

नक्कल चार तास चालली. आधीच्या सोमवारपासून गुरुवारपर्यंतचं काम गेलं ते गेलं, तेवढं कारागिरांनी परत काढलं. बाकी सगळं आलं. सेठने प्लॉटर सुरू करायला कारागिरांना बोलावलं. निघताना बाईंनी हिरवी डिस्क पिशवीत घालून पुढे केली. सेठ म्हणाला, "चाचा, जमत नसेल तर राहू दे. दुसरं काही बघू."

"नेतो," मी म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा मुलगी वांगणीला निघून गेली होती, दुसऱ्या दिवशी तिच्या मुलांची शाळा होती. भांडी धुऊन पालथी घातली होती. विहार बंद झाला होता. मी डिस्क घेऊन घरात फिरलो. कपाट चोर आधी फोडतो. पोटमाळ्यावर उंदीर. स्वयंपाकघरात वाफ. शेवटी उशाला घेऊन झोपलो.

सकाळी साडेसहाला विहारात गेलो. काल किल्ली घ्यायला आलेल्या दोघींपैकी एक झाडत होती. मला बघून केरसुणी थांबवली.

"जयभीम. मावशी करायच्या, आता पाळ्या लावल्यात," ती म्हणाली. "आज माझी."

मी पायरीवर उभा होतो. म्हणालो, "एक विचारायचं होतं. ही डिस्क इथे ठेवली तर चालेल का? संध्याकाळी एक ठेवीन, सकाळी एक नेईन. तुमच्या वेळेत."

"मावशी कधी विचारायच्या नाहीत, नुसत्या ठेवायच्या."

"मी विचारतोय."

तिने पदराला बांधलेली किल्ली सोडली. "ठेवा ना काका. दुसऱ्या कप्प्यात ठेवा, पहिल्यात मुंग्या होतात. आणि किल्लीची अजून एक करून घेते, ती तुमच्याकडे ठेवा."

मी आत गेलो, कपाट उघडलं, पांढरी कापडं पुढे ओढली आणि मागे पिशवी ठेवली. बाहेर येऊन मुलीला फोन लावला. ती झोपेत होती.

"काय झालं बाबा? बरं आहे ना?"

"बरं आहे. कागद-पेन्सिल घे."

"सकाळी सकाळी?"

"विहार. लोखंडी कपाट. दुसरा कप्पा, कापडांच्या मागे."

"काय आहे तिथे?"

"आधी लिहून घे," मी म्हणालो. "मग सांगतो."